वाचनाची वही: नोंद कशी ठेवावी आणि आवडती पुस्तकं कशी ठरवावीत

वर्षानुवर्षं वाचणाऱ्या माणसाला आवडत्या पुस्तकांची नावं विचारली की तोंडावर येतात ती बहुधा अलीकडे वाचलेली किंवा सगळ्यांनाच आवडणारी पुस्तकं. खरी आवडती पुस्तकं मागे राहतात, कारण वाचून झाल्यावर त्यांचं काहीच लिहून ठेवलेलं नसतं. पुस्तक संपलं त्या दिवशी ते आवडलं की नाही एवढंच कळतं. ते आयुष्यभराचं आहे का, हे कळायला एखादं वर्ष जावं लागतं, आणि मधल्या काळात विसरू नये म्हणून वही लागते.

वही कोणती घ्यावी

शिवलेल्या बांधणीची, जाड पुठ्ठ्याची, एकरेघी २०० पानी लांब वही घ्या. तारेच्या बांधणीची नको. फडताळात दाबून ठेवली की तार वाकते आणि काठाची पानं फाटून सुटतात. डायरीही नको, कारण तिच्यावर तारखा छापलेल्या असतात. वाचन तसं होत नाही: एखादा महिना कोरा जातो, तर एखाद्या आठवड्यात तीन पुस्तकं संपतात.

पहिलं काम म्हणजे सगळ्या पानांना क्रमांक घालणं. कंटाळवाणं आहे, पण पुढची सूची त्यावरच चालते. वही पुढून उघडली की ‘वाचलेली’ आणि उलटी करून मागून उघडली की ‘वाचायची’, अशी दोन्ही टोकांनी वापरा. चार्ल्स डार्विननं १८३८ पासून १८६० पर्यंत अशा दोन याद्या सांभाळल्या होत्या, वाचायच्या पुस्तकांची एक आणि वाचलेल्यांची एक. दोन याद्या शेजारी असल्या की आपण ठरवतो काय आणि वाचतो काय, हे आपोआप दिसतं.

एका पुस्तकाला दोन ओळी पुरतात. एका पानावर बारा पुस्तकं बसली तर शंभर पानांत बाराशे. वर्षाला तीस पुस्तकं वाचणाऱ्याला ती चाळीस वर्षं पुरतील. म्हणून कागद बरा घ्या आणि अशा शाईनं लिहा जी पाणी लागलं तरी पसरत नाही.

दोन ओळींत एवढं यायला हवं: अनुक्रमांक, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव, प्रकाशक व आवृत्तीचं वर्ष, पुस्तक कोणी सुचवलं किंवा कुठून हाती आलं, आणि शेवटी एक शब्द.

‘कोणी सुचवलं’ हा रकाना बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की तो रकाना वरून खाली वाचा. कोणाच्या शब्दावर घेतलेलं पुस्तक हमखास लागू पडतं, परीक्षणं वाचून घेतलेली किती अर्धवट राहिली, नुसतं चाळून उचललेली कशी निघाली, सगळं तिथे असतं. पुढची पुस्तकं निवडायला याहून चांगला सल्लागार नाही.

आवृत्ती नोंदवायची ती पाननंबरांसाठी. मुखपृष्ठानंतर नावाचं पान येतं, त्याच्या मागच्या बाजूला ही माहिती छापलेली असते. पुनर्मुद्रणात पानं सहसा तीच राहतात. नव्या आवृत्तीत मजकूर आणि पानांची जुळणी दोन्ही बदलू शकतात, आणि दहा वर्षांनी ‘पान ११२’ एवढ्यावरून तुम्हाला काहीच सापडत नाही. म्हणून उतारा टिपताना प्रकरणाचा क्रमांक आणि पान, दोन्ही लिहा. ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की पानंच बदलतात. तिथे प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द लिहिले की शोधून काढता येतं. ऐकायच्या पुस्तकाला प्रकरण, मिनिट आणि वाचणाऱ्याचं नाव. आवाज बदलला की त्याच पुस्तकाचा अनुभव बदलतो, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं.

शेवटचा एक शब्द म्हणजे निकाल. पाचपैकी तारे देण्याची पद्धत इथे कुचकामी ठरते. काही दिवसांनी सगळ्याच पुस्तकांना साडेतीन-चार तारे पडू लागतात आणि त्यांतून काहीच वेगळं निघत नाही. त्याऐवजी तीनच शब्द ठेवा: ‘ठेव’, ‘पुन्हा’ आणि ‘दे’. पहिल्याचं पुस्तक घरात राहील, दुसऱ्याचं परत वाचायचं, तिसऱ्याचं दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं. पुस्तकाचं पुढे काय करायचं हे ठरवावं लागलं की मत आपोआप स्पष्ट होतं.

वाचताना खुणा

स्वतःच्या पुस्तकात २बी पेन्सिल वापरा. एचबी कडक असते, दाबून ओढली की कागदावर चर पडतो आणि खोडल्यावरही दिसत राहतो. ४बी इतकी मऊ की समोरच्या पानावर काळं उमटतं. ओळींखाली रेघा मारू नका, समासात उभी रेघ ओढा. तिला हात स्थिर लागत नाही, वाचनाचा ओघ तुटत नाही आणि खोडायलाही सोपी. बॉलपेन आणि रंगीत चमकत्या शाईचे पेन दूर ठेवा, त्यांची शाई पातळ कागदाच्या आरपार जाते.

ग्रंथालयाच्या किंवा मागून आणलेल्या पुस्तकात कुठलीच खूण नको. कोऱ्या कागदाची पाचएक सेंटिमीटर रुंद आणि पुस्तकाच्या उंचीएवढी पट्टी कापा. तीच वाचनखूण आणि तिच्यावरच टिपणं. पाननंबर लिहून पुढे एक अक्षर: वरच्या भागाला ‘व’, मधल्याला ‘म’, खालच्याला ‘ख’. ‘४७ ख’ म्हणजे सत्तेचाळिसाव्या पानाचा खालचा भाग. पट्टी दोन्ही बाजूंनी भरली तर समजा की तुम्ही फार खुणा करताय. दोनशे पानांच्या पुस्तकाला पंधरा-वीस खुणा भरपूर झाल्या. त्याहून जास्त झाल्या की उतरवून घ्यायचा कंटाळा येतो आणि ती पट्टी तशीच पडून राहते.

खूण म्हणून वर्तमानपत्राचा तुकडा कधीच ठेवू नका. त्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानात उतरतं आणि काही वर्षांत तुकड्याच्या आकाराचा तपकिरी डाग पडतो. चिकटपट्ट्यांचा गोंद मागे राहतो, आणि जुना कागद असेल तर पट्टी काढताना कागदाचे तंतूही निघून येतात.

मोठ्या कादंबरीसाठी याच पट्टीची मागची बाजू राखून ठेवा. पहिल्या पन्नास-साठ पानांत पात्र आलं की नाव आणि नातं लिहायचं, पुढे गरज पडत नाही. मोठ्या कादंबऱ्या अर्ध्यावर सुटतात त्या बऱ्याचदा नावांच्या गोंधळात, आणि गोंधळलेला वाचक समजतो की पुस्तकच अवघड आहे.

नवं जाड पुस्तक थेट मधून उघडून दाबू नका, चिकटवलेली बांधणी तिथेच तडकते. पुस्तकाचा कणा टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग पुढची थोडी पानं, मागची थोडी पानं, असं आलटून पालटून हलक्या बोटानं दाबत मध्यापर्यंत या. दोन मिनिटांचं काम आहे, पण जे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडलं जाणार त्याचं आयुष्य त्यानं नक्की वाढतं.

तीन वेळा लिहायचं

संपलं त्याच दिवशी फक्त दोन ओळींची नोंद. यात चालढकल नको, कारण तारीख आणि ‘कोणी सुचवलं’ हे सगळ्यात आधी विसरलं जातं.

उतारे मात्र तीन ते सात दिवसांनी उतरवा. तेवढ्या काळात बऱ्याच खुणांचं महत्त्व ओसरतं. वाचताना चमकून गेलेलं वाक्य आठवड्यानं पाहिलं तर कधी कधी आपण तिथे का थांबलो हेच कळत नाही. उरतील तेवढेच हातानं लिहून काढा, पानाचा फोटो काढून ठेवू नका. फोटो पुन्हा कोणी पाहत नाही. लिहिताना वाक्याची बांधणी हाताखालून जाते आणि स्वल्पविराम कुठे आहे इथपर्यंत लक्ष जातं. उताऱ्यांसाठी दुसरी वही ठेवा.

तिसरी नोंद एका महिन्यानं, पुस्तक बंद ठेवून. काय उरलं ते तीन ओळींत: एखादा प्रसंग, एखादा युक्तिवाद, एखाद्या पात्राची बोलण्याची ढब, जे आठवेल ते. काहीच आठवलं नाही तर ‘काही आठवत नाही’ असं लिहा, तीही पक्की नोंद आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यानं १८८५ मध्ये स्वतःवर केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ केल्यावर तासाभरात निम्म्याहून जास्त गेलं आणि दिवसानंतर साधारण तिसरा हिस्सा उरला, असं त्याच्या मोजमापात दिसतं. अर्थपूर्ण मजकूर पुष्कळ जास्त टिकतो, पण सुरुवातीला झपाट्यानं आणि मग हळूहळू, हा उतार तसाच असतो. महिन्यानं जे शिल्लक असतं ते बराच काळ राहणारं असतं.

पुस्तक बंद ठेवायचं त्यालाही कारण आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवडा गेल्यावर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. पुस्तक समोर उघडून लिहिलेला सारांश नीटनेटका होतो, पण तो तुमच्या आठवणीतला नसतो.

उताऱ्यांची सूची

उताऱ्यांची वही भरते आणि मग त्यात काही सापडत नाही. यावर जुना आणि अजूनही उत्तम उपाय इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा आहे. १६८६ मध्ये तो फ्रेंचमध्ये छापला गेला आणि १७०६ मध्ये, लॉकच्या मृत्यूनंतर, इंग्रजीत. लॉकनं मथळ्याच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि पहिला स्वर घेऊन सूची केली होती. ही पद्धत देवनागरीला फार छान बसते, कारण आपली बाराखडी मुळात तशीच रचलेली आहे.

वहीची समोरासमोरची पहिली दोन पानं सूचीला ठेवा. प्रत्येक पानावर पंधरा आडव्या ओळी, म्हणजे एकूण तीस. पहिली ओळ स्वरांनी सुरू होणाऱ्या शब्दांची, पुढच्या एकोणतीस व्यंजनांच्या: क ते घ, च ते झ, ट ते ढ, त ते न, प ते म, मग य र ल व श स ह. ष हा श मध्ये, क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये. ङ, ञ, ण आणि ळ यांनी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून ते सोडले. उभे रकाने पाच: अ, आ, इ-ई, उ-ऊ, आणि ए-ऐ-ओ-औ मिळून एक. दीडशे चौकोन झाले.

आता समजा उतारा मैत्रीबद्दल आहे. ‘मैत्री’ म्हणजे म ची ओळ, पाचवा रकाना. वहीतली पहिली कोरी जोडपानं उघडा, समजा १४-१५, समासात ‘मैत्री’ हा मथळा लिहा, उतारा उतरवा आणि चौकोनात १४ घाला. पुढे ‘मोह’, ‘मेहनत’ आले की तेही याच पानांवर, कारण चौकोन एकच. ‘माणूस’ म च्या दुसऱ्या रकान्यात, ‘मरण’ पहिल्यात. ‘मृत्यू’ आपण ‘म्रु’च्या जवळ उच्चारतो म्हणून चौथ्यात टाका. जोडाक्षर असेल तर पहिलं व्यंजन आणि त्या जोडाक्षराचा स्वर: ‘स्मरण’ हा स मध्ये पहिला, ‘प्रेम’ हा प मध्ये पाचवा. पानं भरली की पुढची कोरी जोडपानं घ्या आणि त्याच चौकोनात पहिल्या आकड्यापुढे नवा आकडा लिहा.

खरं कौशल्य मथळा निवडण्यात आहे. उताऱ्यात जो शब्द आहे तो नको. दहा वर्षांनी तुम्ही ज्या शब्दानं शोधाल तो हवा. ‘मरण’ आणि ‘मृत्यू’ दोन्ही मथळे झाले की अर्धे उतारे इकडे, अर्धे तिकडे. पहिल्याच वेळी एक ठरवा आणि दुसऱ्याच्या चौकोनात ‘मरण पाहा’ असं लिहून ठेवा.

वेळ आणि वेग

स्वतःचा वेग एकदा मोजून ठेवा. पुस्तकाच्या मधली दहा पानं नेहमीसारखी वाचा आणि किती मिनिटं लागली ते लिहा. कादंबरी, वैचारिक पुस्तक आणि परभाषेतलं पुस्तक यांचे आकडे वेगळे येतील. दहा पानांना वीस मिनिटं लागत असतील तर रोजच्या चाळीस मिनिटांत वीस पानं होतात, तीनशे पानांचं पुस्तक पंधरा दिवसांत संपतं आणि वर्षात चोवीस होतात. हा आकडा पळण्यासाठी नाही. वर्षाला चोवीसच पुस्तकं होणार हे समोर असलं की नको असलेलं पुस्तक सोडताना हात थरथरत नाही.

कधी सोडावं? अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम प्रसिद्ध आहे: पन्नास पानं वाचा, मग ठरवा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. नियम चांगला आहे, पण सहाशे पानांच्या कादंबरीला पन्नास पानं कमी पडतात, तिला शंभर द्या. सोडायचं ते प्रकरण संपवून सोडा, आणि नोंदीत कारण एका शब्दात लिहा: ‘भाषा’, ‘विषय’ किंवा ‘वेळ’. ‘वेळ’ म्हणजे पुस्तक बरं आहे, पण आत्ता वाचायचं नाही. ही पुस्तकं मागच्या ‘वाचायची’ यादीत परत जातात, आणि काही वर्षांनी त्यांतलीच एखादी थेट आवडत्यांत जाऊन बसते. सक्तीनं संपवली असती तर तिच्या वाट्याला पुन्हा कोणी गेलं नसतं.

एका वेळी तीन पुस्तकं चालतात, पण तिन्ही वेगळ्या जातीची हवीत. डोकं ताजं असताना जड पुस्तक, रात्री कथा-कादंबरी, आणि तिसरं कुठूनही उघडावं असं, कवितांचं किंवा लेखांचं. दोन कादंबऱ्या एकत्र नकोत. वाचताना झोप लागली असेल तर दुसऱ्या दिवशी खुणेपासून सुरू करू नका, जे वाक्य नक्की आठवतं तिथपर्यंत मागे जा.

आवडती पुस्तकं ठरवणं

या यादीत पुस्तक वाचून संपल्यापासून एक वर्षाच्या आत घ्यायचं नाही. वर्षानं तीन गोष्टी तपासा. न उघडता त्यातलं काही नेमकं सांगता येतं का? मधल्या काळात एखादं पान शोधायला ते पुन्हा हातात घेतलं का? आपण होऊन कोणाला सांगितलं का? दोन उत्तरं होकाराची आली तर ते उमेदवार. मग पुनर्वाचन, आणि त्यानंतरच यादीत. पहिल्या वाचनात कथानकाची ओढ इतकी असते की लेखन कसं आहे हे नीट कळतच नाही. शेवट ठाऊक असताना जे पुस्तक धरून ठेवतं त्याची जागा पक्की.

पुनर्वाचनात जुन्या खुणा अडचण करतात, डोळे त्यांच्याकडेच धावतात. म्हणून नवी पट्टी घ्या, खुणा पट्टीवरच करा आणि संपल्यावर जुन्या रेघांशी ताडून पाहा. दोन्ही वेळा थांबलेली जागा असेल तिथे समासात दुसरी रेघ ओढा. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दर वाचनाची तारीख बारीक अक्षरात लिहा. अनुवाद असेल तर दुसऱ्या खेपेला दुसरा अनुवाद किंवा जमत असेल तर मूळ घ्या. आवडलं ते पुस्तक होतं की अनुवादकाची भाषा, हे तेव्हा कळतं.

यादीला मर्यादा हवीच. पंचवीस जागा ठेवा. नवं आलं की जुनं एक जातं, आणि जाणाऱ्यावर एकच आडवी रेघ मारून तारीख घाला, खोडून काढू नका. पंधरा वर्षांनी त्या कापलेल्या ओळीही यादीइतक्याच मोलाच्या वाटतात. लहानपणच्या पुस्तकांची यादी वेगळी करा. त्यांना आजच्या निकषांवर पंचविसांत झगडायला लावणं अन्याय आहे, आणि त्यांचं पुनर्वाचनही मला सरसकट योग्य वाटत नाही. काही पुस्तकांची आठवणच ठेवावी.

पंचविसांतलं पुस्तक कोणाला द्यायचं असेल तर खुणा नसलेली दुसरी प्रत द्या. बाकी पुस्तकं देताना नाव आणि तारीख वहीत लिहिली की झालं.

जिथे गाडी अडते

सुरुवातीच्या उत्साहात दहा-बारा रकाने आखले जातात आणि तिसऱ्या महिन्यात वही बंद पडते. दोन ओळींत मावत नसेल तो रकाना काढून टाका. खंड पडला तर मागचं भरायला बसू नका, ‘मधली नोंद नाही’ एवढं लिहून आजच्या पुस्तकापासून पुढे चला. मागचं भरायच्या नादात आजचंही राहतं. वर्षाला अमुक पुस्तकं असा संकल्प केला की नकळत बारीक पुस्तकं उचलली जातात, आणि जाडजूड चांगली पुस्तकं मागे पडतात.

मोबाइलवर किंवा संगणकावर नोंद ठेवायची तर शोधणं सोपं होतं हे खरं. पण ॲप बंद पडतात. सहा महिन्यांतून एकदा सगळी नोंद साध्या फाइलमध्ये उतरवून घ्या. कागदी वहीचेही वर्षातून एकदा पानापानाचे फोटो काढून ठेवा.

आणि ज्यांनी तीस-चाळीस वर्षं वाचलं पण काहीच लिहून ठेवलं नाही, त्यांनी सालाप्रमाणे आठवायला बसू नये, फारसं हाती लागत नाही. जागा आणि माणसं घ्या: ज्या घरांत राहिलात ती, शाळा, ग्रंथालयं, पुस्तकं देणारी माणसं, लांबचे प्रवास, आजारपणं. प्रत्येकाला एक पान. वीस मिनिटं, नावं फक्त, क्रम नाही, पडताळणी नाही. नाव आठवत नसेल तर मुखपृष्ठाचा रंग किंवा एखादा प्रसंग लिहा. आठवड्यानं तीच पानं पुन्हा उघडा, पहिल्या नावांमागून आणखी नावं येतात. तीन-चार खेपांनंतर नवी नावं येईनाशी झाली की ज्यांच्यापुढे रंग किंवा प्रसंगच आहे त्यांचा शोध सुरू करा. ज्यानं ते पुस्तक दिलं होतं त्याला आधी विचारा, मग ग्रंथालयात.